सत्कारमूर्ती नारळ आणायला गेले आहेत

समारंभाच्या अध्यक्षा तापीबाई, व्यासपीठावरील मान्यवर, वडिलांना न्यायला सुरतहून आलेले चिरंजीव राजेंद्र, समस्त खापरकर, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या पितांबरशेटची ही मधली रिकामी खुर्ची!

हसू नका. शाल आली, हार आला, भजी तळून तयार झाली, आणि संयोजक नेमका नारळ विसरले. तेव्हा सत्कारमूर्ती स्वतःच उठले. ‘बठा, नारय मन्हा दुकानमा शे, मी लई येस,’ म्हणाले आणि आपल्याच सत्काराचा नारळ आणायला निघाले! सुरतेला मुलाकडे राहायला जायचं म्हणून काल कायमचं बंद केलेलं दुकान त्यांनी पुन्हा उघडलंय. ते येईपर्यंत बोलत राहा, असं संयोजक मला खुणावताहेत. या शोभाबाईला बोलत राहा म्हणणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

तर मंडळी, त्यांच्या किराणा दुकानासमोर माझी पिठाची गिरणी. उभी हयात आम्ही भांडलो. कशावरून? त्या बघा मागे दिवलीबाई उभ्या आहेत, काखेत कोंबडा घेऊन. दिवाळी झाली की त्या डोंगरावरून उतरून गुजरातेत कामाला जातात आणि कोंबडा पितांबरशेटकडे ठेवतात. शेट माळकरी. घरात अंड्याला प्रवेश नाही, आणि हा पाहुणा गुळाच्या ढेपेवर बसून साबुदाणा टिपतो! पहाटे बांग देतो ती माझ्याच खिडकीकडे तोंड करून. मी ओरडले, ‘शेट, तुम्हना पाहुणा आवरा!’ तर म्हणाले, ‘शोभाबाई, तो काय मन्हं आयकस?’

कोंबडाच कशाला? बाजाराला आलेल्यांची गाठोडी, छत्र्या, घरून रुसून आलेल्या सुना, सगळं शेटच्या दुकानाच्या ओट्यावर सांभाळलं जातं. आमशाची प्रवासी जीप तर शेटनी ‘समदा बठनात का?’ विचारल्याशिवाय डोंगराकडे वळत नाही. असा माणूस सुरतेत पाचव्या मजल्यावर काय सांभाळणार? तुळशीची कुंडी?

राजेंद्र, रागावू नकोस बाबा. वडील एकटे, अडीअडचणीला जवळ कोण, ही तुझी काळजी खरी आहे. पण मी समोरच राहते. शेटच्या घरात दिवा लागला नाही, तर सगळ्यात आधी मला कळेल. आणि खरं सांगू? ते जाणार कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाहीये. भांडायलासुद्धा आपलं माणूस लागतं रे.

थांबा, दारात कोण? आमशा! नारळ आला, टाळ्या! पण शेट कुठे? अरे, मोठ्यानं सांग.

‘शेट सांगी ऱ्हायनात, दुकानमा गर्दी शे. सत्कार आठेच येईसन करा!’

घ्या! म्हणे सत्कार दुकानातच येऊन करा! दिवलीबाई तर कोंबड्यासकट निघाल्यासुद्धा. आणि राजेंद्र, तू कुठे निघालास? ती शाल कशाला उचललीस? काय म्हणालास? ‘काकू, चाला. गाडी रिकामीच लई जास मी!’

मंडळी, ऐकलंत ना? शेट इथंच राहणार! मला आता रडू येतंय आणि हसूही आवरत नाही. अध्यक्षांचे आभार, संयोजकांचे आभार, नारळ विसरल्याबद्दल तर दुप्पट आभार. भजी बरोबर घ्या, गार होतील. माझी जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. आणि निरोप समारंभात निरोप तेवढा द्यायचा राहून गेला, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही!