हळदीत बुडवलेली चादर

माझं माहेर कोसबाडकडचं, डोंगराच्या खालचा पाडा, आनि लगीन करून आली ती इकडं तलासरीच्या बाजूला. पावसाळ्यात भात लावायचं, मंग चिकूच्या वाडीत मजुरीला जायचं, हेच आमचं. घरवाला ताडी उतरवायचा. तेच्यासारखा ताडावर चढनारा आमच्या पाड्यात कोन नव्हता, मी बायको म्हनून नाय सांगत, कोनालापन विचारा. तोंडानं मात्र भारी खट्याळ, वरनं हाक मारायचा, ए, खाली उभी राहू नको, ताड पडंल तुझ्या डोक्यात. आनि पडला तो सोताच.

नोटाबंदी झाली त्या वर्साची गोष्ट. कमरेखालचं सगळं गेलं. मोठ्या दवाखान्यात नेला, तिथले म्हनले घरी न्या, आता सेवा करा. मंग घरी खाटेवर निजवला.

काय सांगू तुमाला ताई, आमच्यात लग्नात आहेर म्हनून चादरी देतात, वाघाच्या, मोराच्या, मोठ्या मोठ्या गुलाबाच्या, चकचकीत, प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी कोन फोडत नाय, पेटीत ठेवायची, पावना आला की काढायची. आता तेला बघायला सारा पाडा येनार, माझे भाऊ येनार, मंग फाटकं अंथरून कसं चालंल. सासूनं पेटी उघडली, वाघाची चादर काढली, म्हनाली माझ्या लेकाला राजासारखा निजवा. निजवला. लोक म्हनले सेवा चांगली करतात हो. आनि त्या चादरीत घाम मुरंना, लघवी मुरंना, तेची पाठ नुसती भिजत ऱ्हायची, आनि तेला तर खालचं काय कळतच नव्हतं. एक दिवस कूस बदलली तर माकडहाडाजवळ कातडी गेलेली, तळहाताएवढी लाल जखम. वाघ आपला तसाच जबडा उघडून बसलेला.

दवाखान्यातली सिस्टर आली, भली पोरगी, म्हनाली मावशी, हे नायलॉन काढा, सुती घाला, मऊ, घाम पिनारं, मधी शिवन नको, चुनी पडू देऊ नका, कूस बदलत ऱ्हा. जखम हाडापर्यंत गेली तर मानूस हातचा जाईल. बरोबरच बोलली ती, पन सुती आनायचं कुठनं? जुनं मऊ लुगडं असतं तर तेच घातलं असतं, पन आता आमच्या साड्यापन तसल्याच, झटकल्या की वाळनाऱ्या.

मंग डहाणूच्या बाजारात गेली. दुकानवाले चादरी टाकतात एकावर एक, हे पन कॉटन, ते पन कॉटन. मी बोट ओलं करून टेकवायची, तर पानी वरच्या वर थेंब होऊन बसायचं. शेवटी एका म्हाताऱ्या शेठकडं ताग्यातलं पांढरं कापड दिसलं. बोट टेकवलं, लगेच पानी पिऊन टाकलं तेनं. मी म्हटलं हेच द्या, खाटेच्या मापाचं, दोन तुकडे. भाव करायचं मला सुचलंच नाय. शेठनं उचललेली कात्री खाली ठेवली, कापड हातानं टर्रकन फाडलं आनि हळूच विचारलं, कोन गेलं, बाई?

आमच्याकडं मयताचं कापड तसंच घेतात ना, पांढरं, कोरं, भाव करायचा नाय, कात्री लावायची नाय. मी म्हटलं कोन नाय गेलं, घरवाल्याच्या खाली घालायला पायजे. तेनं मंग कापडाची घडी करून दिली.

घरी आली तर सासूनं कापड बघितलं आनि अंगनात फेकलं. म्हनाली, जिवंत लेकाच्या अंगाखाली मयताचं कापड घालतेस? आनि घरवाला, एवढा बोलनारा मानूस, भिंतीकडं तोंड करून पडला. तिकडं ती जखम, इकडं अंगनात ते कापड, आनि मी दारात उभी. रडू आलं ते थांबेचना.

मंग सासूच उठली. तिला काय वाटलं कोन जाने. मोठ्या टोपात पानी ठेवलं, घरात व्हती तेवढी हळद ओतली, कापड उचलून आनलं आनि तेच्यात बुडवलं. म्हनाली, हळदीचं कापड नवरदेवाचं, मयताचं नाय. वाळलं तेव्हा पिवळंधमक. अंथरलं तेव्हा घरवाला किती दिवसांनी हसला, म्हनाला, परत नवरा केलात काय मला, बँडवाला कुठाय?

जखम भरली ताई. हळूहळू, पन भरली. एक तुकडा खाली, एक दोरीवर. पन हळद उन्हाला टिकत नाय, दर धुन्याला फिकी. पांढरं दिसाय लागलं की सासू परत टोप ठेवायची. पाड्यातल्या बाया हसायच्या, म्हनायच्या म्हातारीच्या घरी बारा महिने हळद लागते.

मंग ते भूकंपाचे धक्के सुरू झाले, तुमी पेपरात वाचलं असंल. घरं हलायची, भिंतीला चिरा पडल्या, सगळे थंडीत बाहेर ताडपत्रीखाली निजायचे. दिवस कलला की चौघं जन येऊन तेला खाटेसकट उचलून बाहेर काढायचे. तो म्हनायचा, रोज काय उचलता, एकदाच काय ते उचला. सगळे हसायचे. मी नाय हसायची.

त्याच थंडीत तेला ताप भरला. लघवीचं विष अंगात भिनलं म्हनले डॉक्टर. मंग नाय उठला तो. आंघोळ घालताना मी तेची पाठ बघितली, लहान पोरासारखी साफ, कुठं जखम नाय, काय नाय. बाया म्हनत व्हत्या रड गं, रड, आनि मी पाठीवरनं हात फिरवत बसली. कोरं पांढरं वरनं घालावंच लागतं, तेला माझा इलाज नव्हता. सासूनं खाली मात्र पिवळंच अंथरलं.

आता कोनाच्या घरी मानूस अंथरुनाला खिळला की बाया मला विचाराय येतात, कसली चादर घेऊ. मी सांगते, वाघ बघू नको, गुलाब बघू नको, बोट ओलं करून बघ. आनि पांढरंच मिळालं तर हळद लाव.

दुसरा तुकडा हाय माझ्याकडं, मीच निजते तेच्यावर. हळद केव्हाच उडाली. सासू म्हनते टोप ठेवू का गं? मी म्हनते ऱ्हाऊ दे आई, ज्याला भीती वाटायची तो गेला, मला कसली आता भीती.

बसा ताई, च्या घेऊन जा. तुमच्या घरच्या चादरी पेटीतच ऱ्हावोत, पावन्यांसाठी.