उरलेले चाळीस रविवार

एक्स-रेच्या खोलीबाहेर शिंपीणबाई नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या हातात नव्या नोकरीच्या तपासणीचे कागद होते. मान न वळवताही बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, व्हिडिओ गेम कसा दहा तासांत संपायला हवा. आपला पन्नास तासांचा! उगाच पाणी घालून वाढवलाय."

"मला बरा वाटतो. रविवारी एक तास, तेवढाच विरंगुळा."

"दहा रविवार झाले, अजून चाळीस उरले. आणि मी पंधरा तारखेला निघणार."

"ठाऊक आहे."

"म्हणून म्हणते, रोज तीन-चार तास बसू आणि जायच्या आत उरकून टाकू."

"उरकायला ते काय धुणं आहे?"

"काल गेममधल्या त्या पुलावरून तुम्ही सहा वेळा पडलात."

"पूल निसरडा होता."

"बटणच दाबत नव्हतात! मुद्दाम ना?"

"तिकडे इंटरनेट असेल ना गं?"

"असणारच की."

"मग दोन गावांत बसूनही एकत्र खेळता येतं म्हणे. दुकानदाराला विचारून आलोय."

"कधी?"

"तुझं नोकरीचं पत्र आलं, त्याच दिवशी."

लेकीने कागद उगाच सारखे केले.

"मला रविवारी दुपारीच वेळ मिळेल, बाबा. तुमची झोपेची वेळ."

"झोप काय, सोमवारी काढीन."

शिंपीणबाईंचा नंबर दोनदा पुकारला गेला, तेव्हा कुठे त्या उठल्या.