डक्टखालची खुर्ची

लोअर परळला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, एक सातव्या मजल्यावरची, दुसरी तिच्या खालची.

“मालन, गणपती गेले तरी तू खाली आली नाहीस. रागावलीस काय गो?”

“रागावते कशाला? आमच्या किचनमधल्या डक्टच्या फटी श्रावणात मीच सील करून घेतल्या ना! नारळी पुनवेनंतर तुझ्या सुरमईचा वास वर यायला लागला, तर हे उपास सोडून डक्टखाली खुर्ची टाकून बसायचे.”

“पण आता तर श्रावण संपला!”

“संपला, पण वासच येत नाही, गुणवंती. मी वासावर खाली यायचे, तेव्हा मागायला आल्यासारखं वाटायचं नाही.”

“येडी कुठली! आज मीच टोप घेऊन वर येते. तू भाकऱ्या टाकून ठेव.”

“आणि हे?”

“भावजींना सांग, खुर्ची आता दाराशी टाका.”