पंचांनी खाल्लेला कोंबडा

मंडळी, कृपा फुकट मिळते ना? डोलवा, माना डोलवा! फुकट म्हटलं की माना कशा छान डोलतात! मग मला सांगा — जी आपल्याला फुकट पडली, ती कोणाला महाग पडली? थांबा, घाई नको. आधी बार्णबा पाटोळ्यांचा कोंबडा ऐका!

हे बार्णबा म्हणजे ख्रिस्ती देवळाचे पंच. पांढरंशुभ्र धोतर, काखेत जाडजूड बायबल, आणि प्रार्थना? अहो, ती सुरू झाली की घरोघरचा भात करपायचा! तर कापणीच्या सणाला सारजाबाई नावाच्या विधवेनं देवाला तांबडा कोंबडा वाहिला. वाहिलेल्या वस्तूंचा दुसऱ्या दिवशी लिलाव. पण संध्याकाळी पंचांकडे व्याही टपकले! लेक मार्था नवीच सासरी गेलेली. व्याह्यांना काय पिठलं वाढायचं? पंच म्हणाले, "देव काय मला परका आहे?" — अन् कोंबडा गेला रश्श्यात!

सकाळी बोंबाबोंब! राखणीला होता घंटा वाजवणारा शिलास. झालं! सगळे एका सुरात — "शिलासनंच खाल्ला!" घंटेचा दोर त्याच्या हातून काढून घेतला. त्याच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. आणि पंच? गप्प! प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला निदान कोंबड्यानं आरवून जागं केलं. इथं आरवणार कोण? तो तर पोटात!

पंचांचं मन खात होतं हं, खोटं कशाला बोलू? एकदा दार लावून त्यांनी गुडघे टेकले — "प्रभो, क्षमा कर!" उठले, धोतर झटकलं. कसं हलकं हलकं वाटलं! तेवढ्यात बायको तबीथा म्हणाली, "प्रभूनं क्षमा केली, आनंद आहे. पण शिलासच्या पोरीचं काय हो?"

ते काही केल्या कानातून जाईना. पुढच्या सणाआधी पंच धष्टपुष्ट कोंबडा घेऊन शिलासच्या परसात हजर.

"शिलास, तो कोंबडा... मीच रे."

"ठाऊक आहे, काका. तुमच्या उकिरड्यावर पिसं बघितली होती मी."

"मग बोलला का नाहीस?"

"मार्था नवी होती सासरी. तिलाच टोमणे बसले असते."

पंचांचे डोळे भरून आले. पण किती वेळ? "क्षमा केलीस ना?"

"कधीच केली."

"मग मिटलं!" — आणि निघाले की!

"कोंबडा न्या, काका. माझं नाव तेवढं परत द्या. घेतलंत चारचौघांत, अन् देता परसात?"

सणाला पंचांनी तोच कोंबडा देवाला वाहिला, आणि सगळ्यांसमोर देवाची साक्ष द्यायला उभे राहिले. समोर व्याही! "प्रभूनं माझं मोठं पाप क्षमा केलं!" हालेलुया! आता खाली बसलं की सुटले... तोच पायरीशी बांधलेला कोंबडा आरवला! सगळे हसले. पंच नाही हसले. म्हणाले, "कोंबडा मी खाल्ला. शिलास चोर नाही, चोर मी."

आता कोणी हालेलुया म्हणेना! व्याही उठून गेले. पंचपण गेलं. पोरीची सोयरीक काही परत जुळली नाही. एकटा शिलास पुढे आला, त्यानं पंचांचा हात धरला आणि आपल्याजवळ बसवलं.

हसलात ना, मंडळी? मग ऐका. शिलासला चोर म्हणणारं अख्खं गाव तिथंच बसलं होतं. एकानं तरी माफी मागितली? कोंबडा एकट्यानं खाल्ला, माणूस सगळ्यांनी मिळून खाल्ला!

आज प्रभुभोजन आहे. भाकर फुकटच मिळेल, पण ती देणाऱ्या प्रभूनं त्यासाठी जीव दिलाय. हात पुढे करण्याआधी आपापल्या उकिरड्यावर कोणाची पिसं पडलीत, बघून या. जा, खरंच जा! तोवर भाकर झाकून ठेवलीय.