मामांच्या उशाचा कूलर

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, वन्सं. बोला की. आवाज कटून राहिलाय, थांबा, गच्चीवर येते.

हां, आता बोला. … मामा? बरे हायत. सकाळपासून ताप न्हाई. काल आणलं दवाखान्यातून घरी. … हाव, कालच. तुम्हाला फोन करणारच होते मी.

… काय? पुन्हा बोला.

… मी काय घालते त्यांच्या खाण्यात? … वन्सं, तुमचे वडील हायत ते, तुम्हाला काळजी वाटणार, कबूल. पण माझेबी सासरे हायत. असं इचारतात का कुणाला?

… हाव. हाव. नायगावला तुमच्याकडं होते तवा ठणठणीत होते. लातूरला आले की आजारी पडले. गेल्या खेपेलाबी तसंच. … मी कुठं न्हाई म्हणून राहिले? मलाबी तेच कळंना. ऐका तर खरं.

पहिल्यांदा मला पाण्याच्या जारचाच संशय आला. संगप्पा आणून द्यायचा तो. जार बंद केला. पाणी उकळायला लागले. … सगळं, वन्सं. प्यायचं, भाजी धुवायचं, त्यांची कवळी ठेवायचंसुद्धा. मग दुधावर संशय गेला, दूधवाला बदलला. तरी ताप. तरी खोकला. छाती नुसती खरखर वाजायची. सोमवारी तर ओळखच पटंना त्यांना. मला तुमच्या आईच्या नावानं हाक मारली… तवा मी लई घाबरले.

… हाव, न्यूमोनिया. ते तुम्हाला माहीत हाय. पण डॉक्टर मॅडमनी काय इचारलं ते ऐका ना. खाल्लं काय, प्यायले काय, ते झालंच. मग म्हणाल्या, झोपतात कुठं? उशाला काय असतं? मी म्हणलं, कूलर.

… अहो, हसण्यासारखं काय हाय त्यात?

… लघवीची तपासणी बाहेरगावी पाठवली होती, तिचा रिपोर्ट आला. एक जंतू असतो म्हणे, साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारा. त्या पाण्याचे बारीक बारीक थेंब श्वासातून आत गेले की छातीत बसतो. म्हाताऱ्या माणसाला लवकर धरतो. मी घरभर पाणी उकळून राहिले, आन् हे नाकातून जाऊन राहिलं होतं.

… कूलर उघडला की, घरी आल्या आल्या. जाळीतलं गवत काळं पडलेलं. तळाला बोटभर बुळबुळीत गाळ. हात घालवंना. … तुम्हीच सांगा, लातुरात पाणी फेकायला कुणाचं मन होतं? नळाची वाट बघत बसतो आपण. जुन्यातच नवं ओतायचं. उन्हाळाभर तेच केलं आम्ही.

… कूलरच, असं मॅडमबी छातीठोक म्हणत न्हाईत. बाटलीभर पाणी दिलंय तपासायला, मगच घासला तो. उन्हात वाळत घातलाय. इथून पुढं दर आठवड्याला सगळं पाणी काढून टाकायचं, घासायचं, मग भरायचं. टाकीबी घासून घेतली. गीझर कोमट ठेवायचा न्हाई, चांगला तापवायचा, असं सांगितलंय. आन् मामांना आता पंखाच.

… तुमच्याकडं ते अंगणात झोपायचे, वन्सं. कूलर कुठं होता तिथं?

… न्यायचं म्हणता? मी कशाला अडवू? पण मामांनाच इचारा. मी इचारलं तर म्हणाले, सूनबाईनं माघारी आणलंय मला, आता मी कुठं जात न्हाई.

… मी बनवून सांगून राहिले म्हणता? … बरं. रिपोर्ट पाठवते. मॅडमचा नंबर देते, तुम्हीच बोला. पण मला एक सांगा. मी त्यांना काहीबाही खाऊ घालते, हे तुमच्या मनात आलं कसं? दिवाळीपासून तुम्ही इथं पाय ठेवला न्हाई.

… कुणी सांगितलं?

… वन्सं, कुणी?

… हॅलो? हाय का लाईनवर?

… तुमच्या भावानं. आमच्या ह्यांनी.

… न्हाई, न्हाई. बोला तुम्ही. ऐकून राहिले मी. … अजून काय म्हणाले? … 'सिंधूवर लक्ष ठेवावं लागंल.' माझ्यावर. … असं. … कवा? … दवाखान्यातून. हाव, तवा फोन घेऊन बाहेर गेले होते ते. मी आत मामांना चमच्यानं पेज भरवून राहिले होते. मला वाटलं, चहा सांगायला गेलेत.

… रडू नका. तुम्हाला बोल न्हाई लावत. बाप आजारी असल्यावर माणूस काहीबी खरं धरतं.

… काल कूलर उघडून दाखवला मी त्यांना. बघितलं आन् तोंड फिरवलं. मला वाटलं, किळस आली असंल.

… न्हाई, भांडत न्हाई मी. तुम्ही उद्या सकाळची गाडी धरून या. मामांना डोळ्यानं बघा. …

थांबा. फाटक वाजलं. … हाव, तेच आलेत. … न्हाई न्हाई, ठेवू नका तुम्ही.

अहो… जरा वर या. वन्संचा फोन हाय.

… घाबरू नका, वन्सं. मला सांगितलं तेच बोला. स्पीकरवर टाकते.