आमच्या घरातलं भांडण: एक शोधनिबंध

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, निवृत्तीच्या दिवशीही मागच्या रांगेला नुसत्या डोळ्यांनी गप्प करणाऱ्या आमच्या बाई, आणि चहाकडे लक्ष ठेवून बसलेल्या श्रोतेहो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनांत भागणार नाही, हे आधीच सांगते.

शेवटच्या वर्षी शोधनिबंध असायचा. विषय वरून वाटले जायचे. बाई म्हणाल्या, “यंदा विषय तुम्ही निवडा. झोप उडवेल असा.” झाली ना पंचाईत! आम्हाला तर प्रत्येक विषयावर झोप यायची.

माझे बाबा छापखान्यात यंत्रावर होते. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. कुणी आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आईशी भांडण मात्र जोरात, हातवाऱ्यांनी! आईनं नाकाला बोट लावून हात झटकला, की समजावं, आत्याचा उद्धार झाला. मी भीतभीत विचारलं, “बाई, आमच्या घरातलं भांडण चालेल? म्हणजे त्यातली खुणांची भाषा?”

विभागप्रमुख उखडले. (सर, हसताय म्हणजे माफ केलंत.) “हा विषय की चहाडी? नापास झाली तर?”

बाई म्हणाल्या, “झाली तर स्वतःच्या विषयात होईल.”

पण बाबांना कळलं. “माझं बहिरेपण चव्हाट्यावर मांडतेस?” म्हणाले आणि तोंड फिरवलं. ज्याला ऐकू येत नाही त्यानं तोंड फिरवलं, तर बोलायचं कुणाशी? मी रडत बाईंकडे गेले. “दुसरा विषय द्या.”

विषय दिला नाही. बाई घरीच आल्या. थेट आतल्या खोलीत बाबांसमोर बसल्या आणि खुणेनं विचारलं, भाजी खारट झाली तर काय म्हणता?

बाबांनी संकोचत हात हलवले. दारातून आई हातवारे करत ओरडली, “खोटं! एवढं सभ्य कधी म्हणता?” आणि जुंपली की दोघांची! बाई नक्कल करायला गेल्या आणि चुकून आईला काहीतरी भयंकर बोलल्या. परक्या माणसासमोर बाबा खदखदून हसले. कित्येक वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्याजवळ येऊन बसले. “दाखव काय लिहिलंयस. चुकीचं नको जायला.”

गुण बेताचेच पडले. परीक्षकांचा शेरा होता, ‘विषय फारच घरगुती.’ असेना का! बाबा बाहेरच्या खोलीत आले ते आलेच.

आणि आज इथवर आले आहेत. ते तिसऱ्या रांगेत. शेजारी आई माझं भाषण त्यांना हातांनी सांगतेय, आणि ते ज्या अर्थी इतके हसताहेत, त्या अर्थी ती पदरचं बरंच घालतेय.

बाई, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला; तिसऱ्या रांगेतल्या चुकांना मात्र मी जबाबदार नाही.