वांकिडीचा वाघ आणि भूकंपाची सरासरी

चहा येईपर्यंत हे ऐका. भूकंपाचा मोठा धक्का बसून गेला, त्यानंतर आमच्या वांकिडीत शाळेची नवी इमारत होणार होती. भूकंपाचा धोका तपासायला तज्ज्ञ कोण आली, तर आमच्याच गुरुजींची मुलगी, संघमित्रा. मोठे धक्के साधारण किती काळानं परत येतात, याचा हिशोब मांडणं हेच तिचं काम. तिनं शाळेच्या खांबांत जादा सळया टाकायला सांगितल्या.

बैठकीत इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याच अहवालात आहे, असा धक्का सरासरी शेकडो वर्षांतून एकदा येतो. तो तर परवाच येऊन गेला. आता जादा लोखंड कशाला?"

माझं डोकंच फिरलं. बातमीदारीची सगळी वर्षं असल्या साहेबांशी भांडण्यात गेली. मी उठलो, "साहेब, त्या शाळेत पोरं आमची बसतीन, तुमची नाही."

"काका, तुमी बसा," संघमित्रा म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा कुणी बस म्हटल्यावर मी बसलो, आणि अभिमानानं बसलो.

तिनं साहेबांना विचारलं, "इथल्या रानात वाघ सरासरी वर्षातून एकदा येतो. परवाच येऊन गेला. मग आज संध्याकाळी त्या रानातून एकटे पायी जाल?"

साहेबांनी खिडकीबाहेरच्या रानाकडं पाहिलं.

"सरासरी म्हणजे वेळापत्रक नाही, साहेब."

जादा सळया मंजूर झाल्या. निघताना साहेब जीपपाशी घुटमळले. हळूच म्हणाले, "मॅडम, तो वाघ आज येईल का हो?"

"तारीख आमी सांगत नाही," संघमित्रा म्हणाली. "काच तेवढी वर करून जा."